मागल्या आंसाची गळती

कुटुंबांतील लहानथोरांनीं मिळून वाचावयाच्या या मासिकांत मोटारीच्या मागल्या आंसाचें काय काम, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या, विशेषतः भगिनींच्या, मनांत येईल. त्यांस आमचें उत्तर असें कीं, ज्या वाहनांत आपण आपलीं मुलेंबाळें बसवितों, त्याच्या चाकापाशीं काय चाललें आहे हें जाणणें हा गृहस्थधर्माचाच भाग आहे. शिवाय ही हकीकत आमच्या शहाणपणाची नसून आमच्या चुकीची आहे. आणि दुसऱ्याची चूक ऐकण्याचा कोणासच कंटाळा येत नाहीं, हें आम्हीं पस्तीस वर्षें वर्गांत उभें राहून पाहिलेलें आहे.

आमच्या वाईच्या घरीं एक प्रीमिअर पद्मिनी मोटार आहे. आमच्या थोरल्या बंधूंनीं ती १९७८ सालीं घेतली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत या गाड्या होत असत. मूळ घडण इटलींतील फियाट कंपनीच्या ११०० या गाडीची. पद्मिनी हें चितोडच्या राणीचें नांव तिला मागाहून मिळालें. १०८९ घन सेंटिमीटरचें इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरच गिअरची मूठ, आणि सर्वांनीं दाटीवाटीनें बसावें अशी ऐसपैस बैठक. मुंबईंत काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तिनें निदान दोन पिढ्यांची ने-आण केली. या शतकाच्या आरंभीं तिची निर्मिति थांबली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीही गेली. आमच्या घरांतली गाडी मात्र अद्याप आहे. बंधु वारले, पण गाडी विकण्यास वहिनींचें मन होईना. आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही होईना.

दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत या गाडीच्या डाव्या मागल्या चाकाच्या आंतल्या अंगास काळसर ओल दिसूं लागली. प्रथम आम्ही ती चिखलाची समजलों. बोटानें पाहिली तों चिकट लागली व तिला गंधकासारखा उग्र वास आला. येथें वाचकांनीं एक खूण लक्षांत ठेवावी. मागल्या चाकाशीं ओल दिसली तर ती दोहोंपैकीं एका द्रवाची असते. ब्रेकचें तेल पातळ असतें, त्याला हा वास नसतो, आणि तें गळत असल्यास इंजिनाजवळच्या त्याच्या डबींतील पातळी उतरते. आंसांतलें गिअर ऑइल मात्र दाट असून त्याला गंधकाचा वास येतो, कारण दांत्यांवरील प्रचंड दाब सोसण्यासाठीं त्यांत गंधकयुक्त द्रव्यें मिसळलेलीं असतात. आमची ओल या दुसऱ्या जातीची होती. म्हणजे आंसाचें सील गेलें होतें.

आम्हीं गाडीबरोबर आलेलें जुनें पुस्तक काढलें, नवें सील आणविलें, आणि नातवाच्या मदतीनें एका रविवारीं तें बदललें. संध्याकाळीं हात धुतांना आम्हांस एवढी धन्यता वाटली कीं, आळींतल्या चौघांस तरी ती गोष्ट आम्हीं आपण होऊन सांगितली.

पुढें दिवाळीच्या सुटींत पांचगणीहून पसरणीच्या घाटानें आम्ही खालीं येत होतों. गाडींत सूनबाई, दोन नातवंडें व वहिनी. एका वळणावर आम्हीं ब्रेक दाबला, आणि गाडी सरळ न थांबतां उजव्या अंगास ओढली गेली. समोरून एस. टी. वर येत होती. तिच्या चालकानें गाडी डोंगराकडे दाबली, आम्हीं सुकाणू डावीकडे ओढलें, आणि मध्यें चार हातांचें अंतर राहिलें. कोणास ओरखडाही आला नाहीं. मुलांना तर काय झालें हें कळलेंसुद्धां नाहीं. पण सूनबाईंना कळलें होतें. घरीं आल्यावर त्या शांतपणें म्हणाल्या, "बाबा, गाडीला काय झालंय ते नीट कळेपर्यंत मुलं तीत बसणार नाहीत." यावर आम्हांस बोलण्यासारखें कांहीं नव्हतें.

चाक काढून पाहतों तों डाव्या ब्रेकचे दोन्ही शू तेलानें माखलेले. पांच महिन्यांपूर्वीं बसविलेलें नवें सील पुन्हां गळत होतें. डावा ब्रेक निसटत होता व उजवा धरत होता, म्हणून गाडी उजवीकडे गेली.

गांवांत एक मिस्त्री आहेत. ते एके काळीं आमचेच विद्यार्थी. संस्कृतांत त्यांस कधीं पस्तिसावर गुण मिळाले नाहींत. त्यांनीं वांकून पाहिलें आणि विचारलें, "गुरुजी, सील तुम्ही बरोबर बसवलंय. पण आधीचं का गेलं, ते पाहिलंत का?" आम्हीं पाहिलें नव्हतें. सील गळतें म्हणून सील बदललें, एवढाच आमचा विचार होता. ताप आला म्हणून कपाळावर ओली घडी ठेवावी आणि तापाचें कारण विचारूंच नये, तशांतला हा प्रकार. जन्मभर मुलांना 'कारण सांगा' असा प्रश्न घालणाऱ्या मास्तराला त्याच्याच विद्यार्थ्यानें तो प्रश्न घातला, आणि मास्तर नापास झाला.

कारण समजावयाचें तर आधीं आंसाची रचना समजली पाहिजे. संस्कृतांत गाडीच्या आंसास अक्ष म्हणतात. आपला आंस हा शब्द त्यापासूनच आला, आणि इंग्रजांचा ॲक्सल हाही त्याच कुळांतला. दशरथाच्या रथाचा आंस रणांत दगा देऊं लागला तेव्हां कैकेयीनें आपला हात घालून रथ सांवरला, ही कथा कीर्तनांत सर्वांनीं ऐकलेली आहे. बैलगाडींत आंस स्थिर असतो आणि चाकाचा तुंबा त्याच्याभोंवतीं फिरतो. तेथें वंगण बाहेर ओघळलें तरी फार तर धोतराला डाग पडतो. मोटारीच्या मागल्या आंसाची तऱ्हा निराळी. बाहेरून दिसतो तो पोकळ नळा. त्यास मिस्त्री लोक हौसिंग म्हणतात. त्याच्या मध्यभागच्या फुगीर पोटांत दांतेरी चाकें तेलांत बुडून फिरत असतात. तेथून उजवीकडे व डावीकडे एकेक पोलादी दांडा नळ्यांतून चाकापर्यंत जातो. हा अर्धा आंस स्वतः फिरतो व चाकास फिरवितो. शिवाय गाडीचा भारही वाहतो. त्याच्या बाहेरच्या टोंकाशीं बेअरिंग असतें, आणि तें बेअरिंग दांड्यावर एका घट्ट दाबून बसविलेल्या पोलादी कड्यानें जखडलेलें असतें. हें कडें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडेल.

पोटांतलें तेल उडून नळ्यांत येतें. तें चाकाकडे जाऊं नये म्हणून नळ्याच्या तोंडाशीं जो पहारेकरी बसविलेला असतो, तोच हा सील. पत्र्याचें एक कडें, त्यावर रबर, रबराला आंतल्या बाजूस एक पातळ ओंठ, आणि तो ओंठ फिरत्या दांड्यावर सतत टेकलेला राहावा म्हणून त्याच्याभोंवतीं बारीक तारेची गोल स्प्रिंग. पूर्वीं हें काम चामडें किंवा नमदा करी; सायकलच्या पंपांतील चामडी वायसर ज्यांनीं पाहिली आहे त्यांस याची कल्पना येईल. जर्मनींतील वाइनहाइम येथील फ्रॉइडेनबर्ग हा मूळचा चामडें कमावण्याचा कारखाना. त्यानें १९२९ च्या सुमारास चामड्याचीं अशीं सीलें करण्यास आरंभ केला, आणि पुढें १९३० नंतरच्या दशकांत चामड्याच्या जागीं कृत्रिम रबर आलें. आज मोटारींत सर्वत्र रबरच असतें. वस्तु क्षुद्र, किंमत एका वेळच्या भाजीची. पण तिच्या पलीकडे बोटभर अंतरावर ब्रेकचे शू असतात. ज्या वस्तूचें सारें सामर्थ्य घर्षणांत, तिच्यावर वंगण पडलें म्हणजे काय होतें, तें पसरणीच्या घाटांत आम्हीं पाहिलें.

आतां हा पहारेकरी कामास कां चुकतो? मिस्त्रींनीं सांगितलेलीं व आम्हीं पडताळून पाहिलेलीं कारणें अशीं.

पहिलें वार्धक्य. उष्णतेनें व काळानें रबर कडक होतें, ओंठाची लवचिकता जाते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली म्हणजे ओंठ कोरडा पडतो, त्यामुळेंही हें घडतें.

दुसरें, दांड्यावर पडलेली चाकोरी. ओंठ वर्षानुवर्षें एकाच जागीं घासल्यानें पोलादावरही बारीक खांच पडते. त्या खांचेवर नवें सील टेकलें तरी तेल वाट काढतेंच.

तिसरें, झिजलेलें बेअरिंग. तें ढिलें झालें म्हणजे दांडा डगमगतो, आणि डगमगत्या दांड्यावर कोणताही ओंठ टिकत नाहीं.

चौथें, प्रमाणाबाहेर तेल. पोटांत तेल भरण्याचें जें भोंक असतें, त्याच्या खालच्या कांठापर्यंतच तें असावें. अधिक झालें तर तें आपण होऊन बाहेर सांडूं द्यावें. हें मोजमाप गाडी सपाट जागेवर असतांना घ्यावयाचें असतें.

पांचवें, आणि सर्वांत फसवें, कोंडलेला श्वास. गाडी चालली म्हणजे आंसाच्या पोटांतील तेल व हवा तापते. तापलेली हवा फुगते. तिला बाहेर जाण्यासाठीं नळ्याच्या माथ्यावर एक टिकलीएवढी छिद्राची टोपी असते. ती चिखलानें बुजली तर हवा तेलाला ढकलते, आणि तेल सर्वांत दुबळें दार शोधतें. तें दार म्हणजे सील.

ही टोपी आमच्या नातवानें खालीं पडून शोधली. पावसाळ्यांतल्या मातीनें ती विटेसारखी बंद झालेली होती. शिवाय पहिल्या दुरुस्तीच्या वेळीं 'भरपूर असलेलें बरें' या विचारानें, आणि गाडी जॅकवर एका अंगास तिरपी असतांनाच, आम्हीं तेल ओतलें होतें. म्हणजे पांचपैकीं दोन अपराध आमचे स्वतःचे होते. गळती डावीकडेच कां, याचेंही उत्तर मिळालें: आमच्या अंगणाचा उतार डावीकडे आहे, आणि गाडी रात्रभर त्या उतारावर उभी असते.

दुसरी दुरुस्ती आम्हीं कशी केली, तें क्रमानें सांगतों. ज्यांस हौस आहे त्यांस उपयोग होईल; ज्यांस नाहीं त्यांस निदान मिस्त्रीच्या कामावर नजर ठेवतां येईल.

गाडी सपाट फरशीवर आणली. पुढल्या दोन्ही चाकांस मागूनपुढून लांकडी ठोकळे लावले. केवळ हातब्रेकवर भिस्त ठेवूं नये. जॅकनें मागली बाजू उचलून आंसाखालीं लोखंडी घोड्या दिल्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही जाऊं नये, मग काम दोन मिनिटांचें कां असेना. हा नियम आमच्या घरीं भिंतीवर लिहिलेला आहे.

चाक व त्यामागचा ब्रेकचा ड्रम काढला. आंतली धूळ फुंकून उडवूं नये. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, व तें फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें सर्व पुसून घेतलें, आणि फडकें पिशवींत बांधून टाकून दिलें.

मग बेअरिंगचें झांकण हौसिंगला धरून ठेवणारे नट सोडविले. तरीही अर्धा आंस हातानें निघत नाहीं. बेअरिंग आपल्या जागीं घट्ट बसलेलें असतें. मिस्त्रींनीं दांड्यावर सरकणारा हातोडा दिला. तो चाकाच्या जागीं अडकवून त्यावरचें वजन बाहेरच्या बाजूस सरकवून आदळावें लागतें. तिसऱ्या ठोक्यास अर्धा आंस बाहेर आला. खालीं परात ठेवावी, कारण थोडें तेल येतेंच.

जुनें सील काढण्यापूर्वीं तें कोणत्या तोंडानें बसलें आहे हें पाहून ठेवावें. स्प्रिंगची बाजू आंत, म्हणजे तेलाकडे असावी लागते. उलटें बसविलें तर सील नसल्यासारखेंच. पेचकसानें तें उचकटतांना नळ्याच्या आंतल्या भिंतीस ओरखडा पडूं देऊं नये, कारण त्या ओरखड्यांतूनही तेल झिरपतें. नव्या सीलावरचे आंकडे जुन्याशीं ताडून पाहावे: आंतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी. तिन्ही जुळले पाहिजेत.

नव्या सीलाच्या ओंठास ग्रीझ लावलें. कोरडें सील पहिल्या कांहीं फेऱ्यांतच जळतें. सपाट लांकडी ठोकळा मध्यें धरून, चारी बाजूंनीं सारखे हलके ठोके देत तें सरळ बसविलें. दांड्यावर ओंठाच्या जागीं नखाला लागेल न लागेल अशी खांच होती. मिस्त्रींच्या सल्ल्यानें सील पूर्वीपेक्षां दीडएक मिलिमीटर बाहेर ठेवलें, म्हणजे ओंठ कोऱ्या पोलादावर टेकेल. खांच खोल असती तर दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवावी लागली असती.

येथवर काम घरचें. पुढें मात्र आम्ही थांबलों. बेअरिंग हातानें फिरवून पाहिलें तों तें किंचित् खरखरलें. नातू म्हणाला, "आजोबा, कडं छिन्नीनं तोडू, नवं बेअरिंग ठोकून बसवू." वर ज्या पोलादी कड्याचा उल्लेख केला तेंच हें. वाचकांनीं विचार करावा: अर्धा आंस व त्यावरील चाक गाडींत राहतें तें या एका कड्याच्या पकडीवर. तें ढिलें बसलें तर चालत्या गाडीचें चाक दांड्यासकट बाहेर निघून येईल. ठोकून बसविलेलें कडें पुरेसें घट्ट आहे किंवा नाहीं, हें घरीं पारखण्याचें साधन आमच्यापाशीं नव्हतें. म्हणून तो दांडा फडक्यांत गुंडाळून आम्हीं मिस्त्रींकडे नेला. त्यांनीं दाबयंत्रावर जुनें काढून नवें बेअरिंग व नवें कडें चढवून दिलें. जुनें कडें पुन्हां वापरूं नये. आपल्या हातांनीं काम करण्यांत भूषण आहे, यांत शंका नाहीं. आमच्या वर्गानें हातकामास हलकें मानून स्वतःचें पुष्कळ नुकसान करून घेतलें आहे. परंतु आपला हात कोठें थांबावा हें ओळखणें हाही त्या कामाचाच भाग आहे.

घरीं आणल्यावर दांडा दोन्ही हातांनीं तोलून आंत घातला. त्याच्या आंतल्या टोंकास खांचे असतात. ते सीलाच्या ओंठावर घासले तर नवा ओंठ तेथल्या तेथें फाटतो. हें काम दोघांनीं करावें. एकानें धरावें व दुसऱ्यानें विजेरी दाखवावी.

ब्रेकच्या तेलकट शूंचें काय करावें? पेट्रोलनें धुऊन ते पुन्हां घालावे असा सल्ला आम्हांस एकदोघांनीं दिला. तो ऐकूं नये. अस्तरांत मुरलेलें तेल वरून धुतल्यानें जात नाहीं. ब्रेक तापला कीं तें पुन्हां वर येतें. शू नवे घातले, आणि तेही दोन्ही मागल्या चाकांना. एकीकडे नवे व दुसरीकडे जुने असल्यास ब्रेक पुन्हां एकांगी धरूं लागतो. उजवीकडचें सीलही त्याच वयाचें होतें, म्हणून तेंही त्याच दिवशीं बदललें. श्वासाची टोपी घासलेटांत बुडवून साफ केली, व तिच्यांतून फुंकर आरपार जाते हें नातवानें सर्वांस दाखविलें. शेवटीं गाडी चारी चाकांवर सपाट उभी करून, भोंकाच्या कांठापर्यंत नव्वद नंबरचें तेल भरलें. जास्तीचें बाहेर सांडूं दिलें, आणि यावेळीं त्याबद्दल हळहळ वाटूं दिली नाहीं.

पहिली परीक्षा आम्हीं कृष्णेकांठच्या मोकळ्या रस्त्यावर घेतली. गाडी सरळ थांबली. तरी सूनबाईंचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं किल्ली मागून घेतली, कोणासही बरोबर घेतलें नाहीं, आणि गाडी एकट्यानें पसरणीच्या घाटानें पांचगणीपर्यंत नेऊन परत आणली. तो दीड तास वहिनी ओटीवर बसून होत्या. आम्ही वर्तमानपत्राचें एकच पान पुनःपुन्हां वाचीत होतों. परत आल्यावर त्यांनीं वांकून डाव्या चाकाच्या आंतून बोट फिरविलें, तें पदरास न पुसतां पांढऱ्या कागदावर टेकलें, आणि तो कागद आमच्यापुढें धरला. कागद कोरा होता. मग त्यांनीं मुलांना हांक मारली.

त्याला आतां दीड वर्ष झालें. दर दिवाळीस, पावसाची माती वाळली म्हणजे, ती टोपी काढून साफ करावयाची, तेलाची पातळी पाहावयाची व चाकांच्या आंतून बोट फिरवावयाचें, असा नियम केला आहे. नातवानें त्यासाठीं एक वही घातली असून तींत तारीख, काम व कारण असे तीन रकाने आखले आहेत. तिसरा रकाना कोरा ठेवून सही करण्याची परवानगी आमच्या घरांत कोणास नाहीं, आम्हांसही नाहीं.